रील चाललं, पण आई दारात आली

वाचकाचं पत्र

स.न.वि.वि.

दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत आमची छोटी संस्था २००७ पासून संध्याकाळची अभ्यासिका चालवते. भाड्याच्या दोन खोल्या, बासष्ट मुलं, तीन शिक्षिका, आणि पावती पुस्तकात साधारण दोनशे दहा देणगीदार. बहुतेक सदाशिव पेठ, कोथरूड, सिंहगड रोडचे. मी संस्थेची चिटणीस.

आमच्या संस्थापक ताई पंचाहत्तरीच्या आहेत. त्यांचं म्हणणं, चांगल्या कामाचा डांगोरा पिटू नये. कार्यकारिणीतले नवे सदस्य म्हणतात, आजच्या काळात दिसलं नाही तो संपला, पेजवर रोज एक पोस्ट गेलीच पाहिजे. या ओढाताणीत आमच्याकडे शिकवायला येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या एका मुलानं गेल्या महिन्यात रील टाकलं. सहावीतली मुलगी, वडील घर सोडून गेल्याचं सांगता सांगता रडते. मागे व्हायोलिन, खाली क्यूआर कोड. चार दिवसांत एक लाख चौदा हजार व्ह्यूज आणि ४३,५०० रुपये. पेजवरून वर्षभरात मिळूनही इतके कधी आले नव्हते.

पाचव्या दिवशी मुलीची आई आली. ती ज्या घरी धुणीभांडी करते, तिथल्या बाईंनीच तिला रील दाखवलं होतं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, ‘कालवा फुटला तवाबी असेच फोटू काढून गेले समदे. तुमी तरी आपले व्हता.’ मुलगी तेव्हापासून आलेली नाही.

आता कार्यकारिणीत दोन तट आहेत. एक म्हणतो काढून टाका. दुसरा म्हणतो, आता काढून काय उपयोग, आणि त्या पैशांतून मुलांच्याच वह्या येणार ना? शिवाय एका गृहस्थांनी अमेरिकेतून विचारलंय, मीही क्यूआरवर पाठवू का? ब्लॉग सुरू करायचंही चाललंय. आमच्यासारख्या लहान संस्थेनं या फंदात पडावं का, आणि पडलोच तर कसं?

एक चिटणीस, पुणे ३०

उत्तर

चिटणीसबाई,

आधी ते रील काढा. उरलेलं उत्तर रात्री जेवणं झाल्यावर वाचलंत तरी चालेल.

‘आता काढून काय उपयोग’ म्हणणाऱ्यांचं एक बरोबर आहे. लोकांच्या फोनमध्ये गेलेल्या प्रती परत येणार नाहीत. पण संस्थेच्या नावाखाली ते जोवर लटकतंय, तोवर त्या आईच्या लेखी तुम्ही ते रोज नव्यानं टाकताय. अर्काइव्हमध्ये ठेवू नका, पुन्हा बाहेर काढायचा मोह होतो. डिलीटच करा. ज्यांनी ते आपापल्या पानावर घेतलंय, त्यातल्या ओळखीच्यांना एकेकट्याला फोन करून काढायला सांगा. मग त्या घरी जा. तुम्ही आणि ताई, दोघीच. हातात खाऊचा पुडा, दप्तर, वह्या काही नेऊ नका. त्याला भरपाईचा वास येईल. ‘तुम्हाला न विचारता टाकलं, चुकलं, काढलंय’ एवढं बोला आणि फोनवर पेज उघडून दाखवा, की आता ते तिथे नाही. मुलगी कधी येणार हा विषय त्या भेटीत नको. ती आली, की गणित कुठवर झालं होतं तेवढं विचारा.

त्या मुलाला मात्र वाळीत टाकू नका. काय टाकायचं नाही हे त्याला कुणी सांगितलं होतं? दिवसभर फोनवर जे चालताना दिसतं तेच त्यानं केलं. क्यूआर कोड त्याच्या हाती दिला आणि नियम दिले नाहीत, ही चूक कार्यकारिणीची. (मीही अशा कार्यकारिणीत बसलेली आहे. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम, ‘सोशल मीडिया तरुण मंडळींनी बघावा’ असा ठराव, चहा, पुढचा विषय.)

कायद्याचं थोडक्यात सांगते. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाचं प्रकरण बालकल्याण समितीपुढे असेल, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे त्याची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो काहीच दाखवता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातलं मूल असेल तर पॉक्सो कायद्याचं कलम २३ आहेच. आणि डिजिटल वैयक्तिक माहितीबद्दलचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची, पडताळून पाहता येईल अशी, संमती मागतो. एवढं कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवा. पण ती आई काही कलम दाखवायला आली नव्हती.

२७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजवा कालवा फुटून दांडेकर पुलाच्या वस्तीत पाणी घुसलं, तेव्हा मदतही आली आणि कॅमेरेही आले. भिजलेल्या गाद्या, उघडी पडलेली भांडी, रडणारी म्हातारी माणसं. ज्यांचं घर असं चारचौघांत एकदा उघडं पडलंय, त्यांना पुन्हा त्याच जागी उभं करणारे तुम्ही निघालात, हे तिचं दुःख आहे. ‘पालकांची सही घेऊन ठेवू’ एवढ्यानं ते मिटत नाही. ज्याच्या मुलाला तुम्ही फुकट शिकवता, तो तुम्हाला ‘नको’ म्हणेल कसा? आपल्या उपकाराखाली असलेल्या माणसाची सही ही निम्मीच संमती. म्हणून सही घ्याच, पण मराठीत, सोप्या भाषेत, आणि कोऱ्या फॉर्मवर आगाऊ नको. तयार झालेला फोटो किंवा व्हिडिओ आईवडिलांना आधी फोनवर दाखवायचा आणि ‘हा असा, इथे, सगळ्यांना दिसेल’ असं सांगायचं. उत्तर तिथल्या तिथे मागू नका. ‘दोन दिवसांनी सांगा’ म्हटलं की नकार द्यायला जागा राहते. आणि घरातलं भांडण, दारू, सोडून गेलेला बाप, आजार, यातलं काहीही मुलाच्या तोंडून कॅमेऱ्यासमोर वदवायचं नाही. पालक हो म्हणाले तरी नाही.

नाव बदललं की झालं, हाही एक भ्रम. अंगावर शाळेचा गणवेश, मागे गल्लीच्या तोंडावरचा मंडळाचा फलक, आणि नाव मात्र ‘काल्पनिक’. आख्ख्या वस्तीला कळतं. चेहरा नको असेल तर हात दाखवा, खोडलेली वही दाखवा, फळा दाखवा, दाराबाहेरच्या चपलांची रांग दाखवा. बासष्ट मुलांच्या चपला हा फार बोलका फोटो असतो आणि चपलांची संमती लागत नाही.

आता त्या ४३,५०० रुपयांचं. परत करा असं मी म्हणणार नाही, कारण बहुतेकांना परत करताही येणार नाहीत. क्यूआरवरून आलेल्या पैशाला अर्धवट नाव असतं. पत्ता नसतो, पॅन नसतो. आणि इथे तुमची दुसरी अडचण सुरू होते, जी पत्रात तुम्ही लिहिलेली नाही. तुमच्याकडे ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता) असेल, तर वर्षभराच्या देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरायचं आणि त्यातून निघालेलं प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं, अशी पद्धत आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून आहे. त्यासाठी देणगीदाराचा ओळख क्रमांक लागतो. नावगावाची नोंद नसलेली देणगी ‘निनावी’ ठरते, आणि अशा देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. तुमची रक्कम लहान आहे, घाबरू नका, पण सीएंना याच आठवड्यात विचारा. पुढच्या वेळी नुसता क्यूआर टाकण्याऐवजी आधी एक छोटा फॉर्म ठेवा, नाव, पत्ता, पॅन, आणि मग क्यूआर. काही लोक फॉर्म पाहून पळतील. पळू देत.

ज्या पेजवर रील होतं तिथेच, आणि ज्यांचे नंबर आहेत त्यांना वेगळा, असा मजकूर पाठवा: ‘गेल्या महिन्यात आमचं रील पाहून आपण मदत पाठवलीत. त्यात एका मुलीचं घरचं दुःख आम्ही तिच्या आईला न विचारता दाखवलं. ही आमची चूक होती. रील काढून टाकलं आहे. आलेले ४३,५०० रुपये अभ्यासिकेच्या वह्यांसाठी वापरायचं ठरवलं आहे. आपली रक्कम परत हवी असेल तर १५ तारखेपर्यंत कळवा. पावतीसाठी नाव, पत्ता आणि पॅन पाठवा.’ याहून लांब नको. ‘आमच्या भावना शुद्ध होत्या’ वगैरे अजिबात नको. मुलीबद्दल आणखी एक शब्दही नको, ती आता बरी आहे असाही नाही.

तुमचे नवे सदस्य म्हणतील, पण एक लाख चौदा हजार लोक! त्यांना विचारा, त्यातल्या किती जणांना तुमच्या संस्थेचं नाव आज आठवतंय? पुढच्या जूनमध्ये यातले किती वह्या देतील? रीलचा प्रेक्षक हा लक्ष्मी रोडवरच्या गर्दीसारखा असतो. गर्दी खूप, पण ती तुमच्या दुकानात आलेली नसते. याउलट पावती पुस्तकातली ती दोनशे दहा माणसं. त्यातली निम्मी तुम्हाला दहा-दहा वर्षं पैसे देतायत, आणि त्या बदल्यात त्यांना काय मिळतं? एक पावती, जमलं तर मार्चमध्ये अहवाल, आणि वर्धापन दिनाचं निमंत्रण, तेही कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. मला विचाराल तर तुमचा सोशल मीडिया या दोनशे दहांसाठी आहे. बाकी कुणी पाहिलं तर आनंद.

आणि ताईंना माझा हा निरोप द्या, की डांगोरा वेगळा आणि हिशेब वेगळा. अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगांसाठी पैसा फंड काढला तेव्हा मागणी होती माणशी एका पैशाची. त्या पैशा-पैशातून १९०८ मध्ये इथे जवळच, तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एक पैसा मागायला दारात उभं राहायचं, तर आधी सांगावं लागतं कशासाठी, आणि पुढच्या वर्षी त्याच दारात जायचं तर सांगावं लागतं काय झालं. ताईंनीही इतकी वर्षं हेच केलं असणार, फक्त पोस्टकार्डावर. त्यांना कॅमेऱ्यापुढे बसवू नका, त्यांच्या जुन्या पत्रांचा एखादा गठ्ठा असेल तर तो मागा. देणगीदाराला कसं लिहावं हे त्यात मिळेल. चाळीस ओळींच्या कॅप्शनपेक्षा ती चार ओळींची पत्रं बरी असतात.

तर रोज पोस्ट नको. महिन्यातून एक नीट निरोप, ठरलेल्या तारखेला, समजा पाच तारखेला. तोही व्हॉट्सॲपवर, कारण तुमचे देणगीदार तिथेच आहेत. ग्रुप करू नका. दोनशे दहा पुणेकरांचा ग्रुप म्हणजे काय होतं ते मी पाहिलंय: पहिल्या आठवड्यात सुप्रभात, दुसऱ्यात काढ्याची कृती, तिसऱ्यात राजकारण आणि चौथ्यात ‘ॲडमिननी लक्ष घालावं’. शिवाय सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात ते वेगळंच. ब्रॉडकास्ट यादी करा, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगळा जातो. तिच्यात एका वेळी २५६ जण बसतात, म्हणजे तुमचे सगळे मावतात. एक मेख मात्र आहे. ज्यानं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच ब्रॉडकास्ट पोचतो. बाकीच्यांना काहीच जात नाही, आणि तुम्हाला ते कळतही नाही. म्हणून पावतीवर ठळक छापा, ‘हा नंबर सेव्ह करा, महिन्याचा वृत्तान्त याच नंबरावरून येईल’, आणि जुन्या देणगीदारांना एकदा फोन करा. दोनशे फोन म्हणजे तीन जणांचे चार दिवस. या फोनांतून तुम्हाला जे कळेल, कोण गेलं, कोणाचा मुलगा आता व्यवहार बघतो, कोणाला अहवाल तीन वर्षांत मिळालेला नाही, ते कुठल्याही ॲपला माहीत नसतं.

निरोपात काय लिहायचं? जे झालं ते, आकड्यासकट, आणि फसलेलंही. ‘या महिन्यात सरासरी एकावन्न मुलं आली. आठवीच्या मुली कमी झाल्या, कारण क्लासची वेळ आणि पाण्याची वेळ एकच झाली. वेळ अर्धा तास पुढे नेली आहे, फरक पडतो का ते पुढच्या महिन्यात कळवू.’ असं वाचलं की माणूस पुढच्या महिन्याची वाट बघतो. ‘आमचे विद्यार्थी उत्तुंग भरारी घेत आहेत’ वाचून कुणी कशाची वाट बघत नाही. मदत मागतानाही तसंच. ‘सढळ हाताने मदत करा’ हे वाक्य आजन्म बंद. खोल्यांचं भाडं किती, विजेचं बिल किती, एका मुलाला वर्षाला वह्या किती लागतात, हे आकडे तुमच्याच वहीत आहेत. ते मांडा आणि त्यातलं कुठलं कमी पडतंय ते सांगा.

लोकांकडून नेमकं काय हवंय ते सांगण्यात पुण्यातल्या कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेकडून शिकण्यासारखं आहे. त्यांची ‘रेड डॉट’ मोहीम आठवते का? वापरलेले सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईला पुडकं उघडून बघावं लागणार नाही. मोहिमेत कुणाला रडवायची गरज पडत नाही. घरात बसलेल्या माणसाला एक लहानशी गोष्ट करायला सांगितलीय आणि ती का, हे त्या ठिपक्यातच आहे. तुमच्याकडे असा लाल ठिपका कोणता? ‘निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातला एक मंगळवार द्यावा’ हा असू शकेल. ‘दिवाळीनंतर अंक रद्दीत घालू नका, आम्हाला द्या’ हाही.

वेळेचं भान ठेवा. पालख्या मुक्कामी असताना आणि गणपतीच्या दहा दिवसांत काही टाकू नका, सगळं शहर फोटो टाकत असतं. जागतिक अमुक दिनाच्या शुभेच्छा कधीच नकोत. शाळा सुरू होण्याआधीचा पंधरवडा, दहावीच्या परीक्षेचा काळ आणि मार्च, हे तुमचे महिने. मार्चमध्ये कर वाचवणाऱ्यांची आठवण काढायची असते, पण नवी करप्रणाली घेतलेल्या पगारदारांना ८०जी ची वजावट मिळत नाही, तेव्हा ‘कर वाचवा’ हा सूर जरा आवरता घ्या.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम बंद करायची गरज नाही. महिन्याच्या निरोपातलाच एक उतारा आणि एक फोटो तिथे टाका, कुणी विचारलं तर दोन दिवसांत उत्तर द्या. पैसे देऊन पोस्ट ‘बूस्ट’ करू नका. संस्थांना गूगलकडून महिन्याला दहा हजार डॉलरपर्यंतच्या जाहिराती फुकट मिळू शकतात, हे कुणी ना कुणी तुम्हाला सांगेलच. खरं आहे, पण त्याला स्वतःची वेबसाइट लागते आणि त्या जाहिरातींकडे सतत लक्ष देणारा माणूस लागतो. तुमच्याकडे तो माणूस नाही, तोवर सोडून द्या.

ब्लॉगबद्दल मात्र मला उत्साह आहे. फेसबुकवरची पोस्ट चार दिवसांत तळाला जाते. ब्लॉगवरचा लेख चार वर्षांनीही कुणी शोधत आला की सापडतो. फक्त तिथे संस्थेचं कौतुक लिहू नका, ते कुणी शोधत नाही. तुमच्या वस्तीतले पालक काय शोधतात? दहावीच्या आधीच शाळा सुटलेल्या मुलानं बाहेरून दहावीला बसायला १७ नंबरचा फॉर्म कसा भरायचा. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के प्रवेशाला कुठले कागद लागतात. जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेचं काय. तुमच्या शिक्षिका हे दरवर्षी पंचवीस घरांना तोंडी समजावतात. तेच एकदा लिहून काढा, वर तारीख घाला, नियम बदलले की दुरुस्त करा. मराठीत नीट लिहिलेलं असं फार थोडं सापडतं. महिन्याला एक लेखही पुष्कळ झाला. आणि गंमत बघा, असा लेख वाचून हडपसरची किंवा बार्शीची एखादी संस्था तुम्हाला फोन करेल, ‘आम्हालाही अभ्यासिका काढायचीय’ म्हणून. कंपन्यांच्या सीएसआरची (सामाजिक कामाच्या निधीची) माणसं येतात तीही आधी हेच चाळून बघतात, की यांना कामातलं कळतं का.

लेख लिहिताना एक खबरदारी घ्या. तुमचे जुने अहवाल डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीसारख्या फॉण्टमध्ये टाइप झालेले असतील. ते तसेच उचलून चिकटवले की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांची मिसळ दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी नीट दिसेल अशा लिपीत, बदलून घ्या आणि बदलल्यावर कुणीतरी डोळ्यांखालून घाला, जोडाक्षरं हमखास बिघडतात. सगळा मजकूर रंगीत पोस्टरवर लिहून त्याचा फोटो टाकण्याची आपल्याकडे हौस आहे. तो मजकूर शोधणाऱ्याला सहज सापडत नाही आणि अंध वाचकाचा फोन तो नीट वाचून दाखवत नाही. मजकूर मजकूर म्हणूनच टाका, फोटोखाली फोटोत काय आहे ते एका ओळीत लिहा.

आता पासवर्डच्या किल्ल्यांचं सांगते, कारण यात मी स्वतः पोळले आहे. मी पूर्वी ज्या संस्थेत होते, तिचं पेज एका हुशार स्वयंसेविकेनं स्वतःच्या ईमेलवरून उघडलं होतं. ती शिकायला जर्मनीला गेली, तिचा इथला नंबर बंद झाला, आणि ओटीपी त्या बंद नंबरावर जात राहिले. सहा वर्षांचे फोटो आणि अडीच हजार लोक तिथे आहेत, आणि आम्ही बाहेरून काचेतून बघतोय. शेवटी नवं पेज काढलं. जुनं अजून आहे, त्यावर जुना बँक खाते क्रमांक आहे आणि तो आम्हाला पुसता येत नाही. तेव्हा सिमकार्ड संस्थेच्या नावावर, ईमेल संस्थेचा, पेजला किमान दोन विश्वस्त ॲडमिन, वेबसाइटच्या नावाचं नूतनीकरण कधी आहे ती तारीख खजिनदाराच्या वहीत. पासवर्ड बंद पाकिटात, मालमत्तेच्या कागदांबरोबर. ताईंना हे लगेच पटेल, कपाटाच्या किल्ल्यांचं त्या असंच करत असणार.

हे सगळं करणार कोण? तोच मुलगा, पण एकटा नाही. मजकूर तुम्ही किंवा शिक्षिकांपैकी कुणी लिहायचा, तो फोटो काढेल, आणि बाहेर जाण्याआधी वस्तीत राहणारं एक माणूस ते बघेल. तुमच्या अभ्यासिकेतून शिकून बाहेर पडलेली, आता नोकरी करणारी एखादी मुलगी तिथे राहत असेलच. तिनं ‘हे नको’ म्हटलं की ते जाणार नाही, कारण विचारायचं नाही. असा ठराव येत्या सभेत करून घ्या, चहाच्या आधी.

ता.क. अमेरिकेतल्या गृहस्थांना आधी एवढंच विचारा, पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांचे स्वतःचे पैसे बँकेच्या नेहमीच्या मार्गानं घ्यायला हरकत नाही, पासपोर्टची प्रत मागून फाइलला लावा. अमेरिकेचा असेल, मग ते मूळचे नारायण पेठेतले असोत आणि हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते) असो, तर ती परदेशी देणगी झाली. परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय तिच्यातला एक रुपयाही घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी तो पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. अशा लोकांचं इथल्या बँकेत एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांचं रुपयातलं) खातं असतं आणि त्यावरून यूपीआयही चालतं, त्यामुळे ‘रुपयात आले म्हणजे इथलेच’ असं धरून चालू नका. फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना आजच वाढवा.